होडीची कातडी

लाकडी होडीचं पाण्याशी जन्माचं नातं, आणि वैरही त्याच्याशीच. सांध्यांतून पाणी शिरतं, पावसाचं गोडं पाणी साचलं की लाकूड कुजतं, आणि खाऱ्या पाण्यातला किडा फळीच्या आत बोगदे करत जातो. वरून फळी धड दिसते, दाबली की खचते. माणसाने होडीला वेळोवेळी जी कातडी चढवली, ती या वैऱ्यांपायी.

अरबांच्या दर्यावर ही कातडी तेलाची होती. अंदलुसचा प्रवासी इब्न जुबैर ११८३ साली तांबड्या समुद्राकाठच्या ऐधाब बंदरात आला, तेव्हा त्याने काथ्याने शिवलेली गलबतं पाहिली. त्यांना तूप, एरंडेल नाहीतर मुशीचं तेल चोपडत. त्यात मुशीचं सर्वांत चांगलं, असं तो सांगतो. आमच्या रत्नागिरीकडच्या होड्यांनाही माशाचं तेल लावत. पाहुणे नाकाला रुमाल लावायचे. मला मात्र लहानपणी तो वास समुद्राचाच वाटे.

मग तांबं आलं. ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये 'अलार्म' या युद्धनौकेच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले. किडा थांबला, पण खाऱ्या पाण्यात तांब्याच्या शेजाराने लोखंडी खिळे झिजून गेले. कातडी उत्तम, पण आतल्या हाडांशी तिचं पटेना! मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी सागवानातून बांधलेली 'ट्रिंकोमाली' १८१७ साली पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे.

विसाव्या शतकात काचेच्या धाग्याचं कापड आणि रेझिन आलं. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त, पण लाकडाला ते मनापासून धरत नाही, कालांतराने सुटतं. इपॉक्सी धरतं. अमेरिकेत मिशिगनमधल्या बे सिटीच्या गूजन बंधूंनी १९७० च्या सुमारास लाकूड आणि इपॉक्सी यांचा संसार जमवून दाखवला: लाकूड कोरडं हवं, आणि सगळ्या बाजूंनी बंद.

'कोरडं' या शब्दातच सगळी गोम आहे. जुना रंग खरवडायचा, कुजकी फळी बदलायची, खिळ्यांची भोकं बुजवायची, हे सगळे करतात. होडी सावलीत महिनोन् महिने वाळू द्यायला मात्र कोणाला सवड नसते. आमच्या बंदरावर एका नाखवाने पावसाळा संपताच ओल्या फळ्यांवर काचकापड चढवून घेतलं. होडी नवरीसारखी चमकली. दोन वर्षांनी आत खिळा ठरेना. आत कोंडलेल्या ओलीने लाकूड खाल्लं होतं आणि बाहेरचं कवच तेवढं शाबूत होतं. कर्जाचे हप्ते अजून चालू होते.

फळ्या ओलीने फुगतात, उन्हाने आखडतात. प्रत्येक फळी आपल्या परीने हलते. काच ताठ. म्हणून सुट्या फळ्यांच्या जुन्या होडीवर पातळ थर देणं मला फसवं वाटतं. पट्ट्या एकमेकींना चिकटवून बांधलेल्या होडीला तोच थर शोभतो. आणि वर रंग हवाच. तो नटवेपणा नव्हे. उघडं इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं, मग त्याची भुकटी होते. इपॉक्सी सुकताना वर मेणचट थर येतो. तो पाण्याने धुऊन, घासून मगच रंग लावायचा. नाहीतर पापुद्रे निघालेच समजा.

गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी लाकडी पट्ट्या, काचकापड आणि इपॉक्सी यांतून 'म्हादेई' बांधली. तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. याच दांडेकरांनी पुढे 'कौंडिण्य' बांधली, अजिंठ्याच्या एका चित्रातल्या जहाजावरून. तिच्या फळ्या केरळच्या कारागिरांनी काथ्याने शिवल्या आणि सांधे नैसर्गिक राळेने बुजवले. पोरबंदरहून निघून ती जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचली.