लालबागच्या गॅस कंपनी लेनमधला गॅस गेला कुठे?

गणपतीत लालबागला जाणाऱ्यांनी 'गॅस कंपनी लेन' हे नाव ऐकलंच असेल. सिलिंडरचं गोदाम वगैरे असेल, असं वाटतं. पण हे नाव आलं बॉम्बे गॅस कंपनीवरून. 1865 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे पहिल्यांदा पेटले, तेव्हा दिवे लावणाऱ्यांच्या मागे बघ्यांची गर्दी झाली होती म्हणे.

हा गॅस जमिनीतून निघत नव्हता. बंद भट्टीत, हवा लागू न देता दगडी कोळसा तापवायचा, निघालेला गॅस स्वच्छ करून टाकीत साठवायचा आणि नळाने शहरभर सोडायचा. मागे कोक आणि डांबर उरायचं. पण मुंबईच्या पोटात सगळा काळा पाषाण, कोळसा नाहीच! तो आधी विलायतेहून जहाजाने यायचा, पुढे बंगालकडून. गिरणगावातल्या गिरण्यांचीही हीच गत. 1915 मध्ये टाटांची खोपोलीची वीज आली, तेव्हा कुठे त्यांची कोळशापासून सुटका सुरू झाली.

मग फेब्रुवारी 1974 मध्ये 'सागर सम्राट' या जहाजाला अरबी समुद्रात, मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर तेल सापडलं. हेच ते 'बॉम्बे हाय'. तेलासोबत गॅसही मिळाला. 1995 मध्ये महानगर गॅस स्थापन झाली आणि पुढे तो पाइपातून घराघरांत, सीएनजी होऊन टॅक्सीत पोचला.

पण समुद्रातला हा साठाही मोजकाच. 1985 मध्ये बॉम्बे हायमधून दिवसाला सुमारे पावणेपाच लाख बॅरल तेल निघायचं. 2024 पर्यंत ते सव्वा-दीड लाखाच्या मध्ये आलं. असा साठा एका रात्रीत आटत नाही. खडकातला दाब घटतो, तो टिकवायला पाणी आत सोडावं लागतं, मग तेलासोबत तेच पाणी वर येऊ लागतं. तेल खाली असतंच, फक्त काढणं महाग पडत जातं. जानेवारी 2025 मध्ये ओएनजीसीने उत्पादन वाढवण्यासाठी ब्रिटनच्या बीपी कंपनीची तांत्रिक मदत घ्यायचं ठरवलं, ते यामुळेच.

खिशाला चटका त्याआधीच बसला होता. 2024 च्या शेवटी सरकारने शहरी गॅस कंपन्यांना मिळणारा जुन्या क्षेत्रांमधला स्वस्त गॅस कमी केला. तूट महागड्या गॅसने भरावी लागली आणि नोव्हेंबरात मुंबईत सीएनजी किलोमागे 2 रुपयांनी वाढून 77 रुपयांवर गेला. देशाला लागणारा जवळपास निम्मा गॅस आज आयात होतो, त्यातला मोठा वाटा कतारचा. म्हणजे लालबागच्या चुलीचं इंधन पुन्हा जहाजानेच येऊ लागलंय.