‘व्हॉट्स माय लाइन?’मधील पन्नास डॉलर

‘व्हॉट्स माय लाइन?’ हा अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर १९५० ते १९६७ या काळात चाललेला पॅनेल-खेळ, म्हणजे नामवंतांच्या मंडळाने प्रश्न विचारून पाहुण्याचे गुपित ओळखण्याचा दूरचित्रवाणी कार्यक्रम होय. येथे गुपित असे ते पाहुण्याच्या व्यवसायाचे. प्रकाशक बेनेट सर्फ, अभिनेत्री आर्लीन फ्रान्सिस आदी मंडळी ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर येईल असे प्रश्न विचारीत, आणि प्रत्येक नकारागणिक सूत्रसंचालक जॉन डेली एक पत्ता उलटून पाहुण्याच्या नावे पाच डॉलर मांडीत, त्यामुळे दहा नकारांनंतरचे सर्वोच्च बक्षीस अवघे पन्नास डॉलर भरे. ‘गूढ पाहुणा’, म्हणजे सर्वपरिचित व्यक्ती, आला की मंडळ डोळ्यांवर पट्टी बांधी आणि पाहुणा आवाज बदलून बोले. खेळाचा सर्वांत रम्य भाग हाच. रक्कम नाममात्र असल्याने लक्ष संभाषणातील चातुर्यावर राही, आणि या खेळाचे खरे वैभव तेच होते. याउलट ‘ट्वेंटी-वन’ या मोठ्या रकमांच्या प्रश्नमंजूषेत स्पर्धकांना उत्तरे आधीच पुरवली जात असल्याचे उघड झाले, आणि १९६० मध्ये अमेरिकी काँग्रेसने अशी लबाडी कायद्याने गुन्हा ठरवली.