परसातल्या झाडांना कुणी विचारलं, तुम्ही कुठले?

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की पेण-रोह्याकडे आगोटीची धांदल उडते. सुकी मासळी, मीठ, मसाला, कांदे, सरपण सगळं पावसाआधी घरात यावं लागतं. त्याच दिवसांत परसाचंही काम निघतं. राखेत ठेवलेल्या पडवळ, दोडका, काकडी, भोपळ्याच्या बिया काढायच्या, आळी खणून शेणखत घालायचं, मांडवासाठी बांबू आणि जुन्या जाळ्यांचे तुकडे जमवायचे आणि मृगाची वाट पाहायची. आगरी-कोळ्यांच्या वस्तीत, बामणआळीत आणि मोहल्ल्यात हे काम सारखंच चालतं. फरक असलाच तर एक-दोन झाडांचा. आमच्याकडे मेंदी आणि सब्जा हमखास असतो, शेजारी तुळस आणि जास्वंद.

बादशहांच्या बागांवर भरपूर लिहिलं गेलं आहे. ताजमहालापुढची चारबाग मुलांना चित्रावरून ओळखता येते. घरामागच्या चार हात जमिनीचा इतिहास मात्र कुणी लिहीत नाही. तिथे शिलालेख नसतो, नाव कोरलेलं नसतं आणि ती बहुधा बायकांच्या हाताखालची असते. तरीही आपण या किनाऱ्यावर कसे राहत आलो याचा पुरावा जितका परसात सापडतो तितका किल्ल्यांतही सापडत नाही, असं माझं मत होत चाललं आहे. ते का, ते सांगते.

शालेय पोषण आहार योजनेत शाळांनी परसबाग करावी अशी अपेक्षा असते, तिच्या स्पर्धाही होतात. आमच्या मुलांनी झाडांची यादी करताना वहीत दोन रकाने आखले, 'आपली' आणि 'बाहेरची'. मिरची, पेरू, पपई, झेंडू 'आपली'मध्ये गेले. मेंदी आणि सब्जा 'बाहेरची'मध्ये. का, म्हणून विचारलं तर एक मुलगा सहज म्हणाला, "ती मुसलमानांची असतात ना, मॅडम." बोलण्यात वाकडेपणा काहीच नव्हता. मोठ्यांच्या तोंडून ऐकलेलं तो बोलला. मी त्यांना रकाने खोडायला सांगितलं नाही, फक्त एक तिसरा रकाना आखायला लावला: हे झाड आलं कुठून?

तिसरा रकाना भरायला घेतला आणि पहिले दोन कोलमडले. मिरची, पेरू, पपई, झेंडू ही सगळी अमेरिका खंडातली झाडं, पाचशे वर्षांपूर्वी ती इथे कुणाला ठाऊकही नव्हती. 'मेंदी' या शब्दाचं मूळ मात्र संस्कृत 'मेन्धिका'पर्यंत जातं. अरबीत तिला हिना म्हणतात, घरी आपण बोलतो तो शब्द इथलाच. सब्जाचं नाव फारसीतलं, पण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं तो तुळशीची सख्खी बहीण, एकाच कुळीतला. एक कबरीवर लावतात, दुसरी वृंदावनात. दोघींना ऊन आणि पाणी सारखंच लागतं.

आता जरा मागे जाऊ. परसातलं सर्वांत मानाचं झाड नारळाचं. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. त्यानं नानंगोल गावातली 32,000 नारळाची झाडं शूर्पारक, म्हणजे सोपारा, आणि इतर ठिकाणच्या भिक्षूंना दान दिल्याची नोंद त्यात आहे. एकोणीसशे वर्षांपूर्वी या बाजूला नारळाच्या बागा आकड्यांत मोजण्याइतक्या मोठ्या होत्या. दान देणारा शकांच्या घरातला, म्हणजे त्याचं कूळही वायव्येकडून आलेलं.

त्यानंतर सुमारे आठशे वर्षांनी, हिजरी 304 मध्ये, म्हणजे इ.स. 916 च्या आसपास, बगदादचा प्रवासी अल-मसूदी चौलला आला. अरब लोक चौलला 'सैमूर' म्हणत. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात आणि त्यांतले पुष्कळसे इथेच जन्मलेले आहेत, असं त्यानं लिहून ठेवलं. कोकणी मुसलमानांचा विषय निघाला की ही नोंद नेहमी सांगितली जाते. त्याच मसूदीची झाडांबद्दलची नोंद मात्र फारशी कुणी सांगत नाही.

मसूदी लिहितो की नारिंग आणि गोल महाळुंग ही झाडं हिजरी 300 नंतर हिंदुस्थानातून नेली गेली. ती आधी ओमानात लावली, तिथून बसरा, इराक आणि शामपर्यंत पोचली. पण हिंदुस्थानात त्यांना जो वास आणि रंग होता तो तिकडे राहिला नाही, कारण तिथली हवा, माती आणि पाणी वेगळं. हे निरीक्षण एखाद्या अनुभवी माळ्याचं वाटतं. दुसऱ्या गावाहून रोप आणून लावलेल्या कुणालाही ते पटेल.

नारिंगाचा प्रवास पुढे चालूच राहिला. संस्कृत 'नारंग', फारसी 'नारंग', अरबी 'नारंज', स्पॅनिश 'नारांखा'. अंदालूसमधल्या सेव्हिल शहराचे रस्ते आजही कडू नारिंगांनी भरलेले दिसतात. बाराव्या शतकाच्या अखेरीस त्याच शहरात इब्न अल-अव्वाम यानं 'किताब अल-फिलाहा' हा शेतीवरचा मोठा ग्रंथ लिहिला. माती कशी ओळखावी, कुठलं खत कुठल्या झाडाला घालावं, कलम कसं बांधावं, कीड कशी आवरावी हे सगळं त्यात आहे. आपल्याकडची झाडं परदेशी जाऊन ग्रंथांत बसली, ती अशी.

उलटा प्रवासही झाला. दक्षिण कोकणात आणि गोव्यात गणपतीच्या माटोळीला पपनस टांगतात, त्याला तिकडे तोरंजन किंवा तोरिंग म्हणतात. फारसीत महाळुंगाला 'तुरंज' म्हणतात. फळ आग्नेय आशियातलं, नाव इराणच्या वाटेचं आणि जागा गणपतीच्या डोक्यावरची. पेणच्या गणेशमूर्ती जगभर जातात याचा आपल्याला अभिमान असतो. त्या मूर्तीवर टांगलेल्या फळाच्या नावात एवढा समुद्र आहे, हेही सांगायला हवं.

सोळाव्या शतकात चौल दोन होती. रेवदंड्याला पोर्तुगीजांचं ठाणं होतं आणि वरचं चौल अहमदनगरच्या निजामशाहीत होतं. याच काळात अमेरिकेतली झाडं पोर्तुगीज जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरू लागली. पपई, अननस, काजू यांनी आपली नावं बरोबरच आणली. मिरचीला मात्र आपण आपल्या मिरीवरून नाव दिलं आणि ती कायमची घरची झाली. तिच्याआधी आपल्या कालवणाचा तिखटपणा मिरी, आलं आणि पिंपळीवर चालत होता.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य याच दिवसांतला. तो 1534 मध्ये गोव्यात आला. बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारातही त्याची ये-जा होती. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं आणि तिथे वर्षातून दोनदा फळणारं आंब्याचं झाड असल्याचं तो सांगतो. 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात इथल्या वनस्पतींची नावं अरबी, फारसी आणि दख्खनच्या बोलींतून दिली आहेत. इथले हकीम, वैद्य, व्यापारी, सगळ्यांना विचारून त्यानं माहिती गोळा केली. ओर्ता 1568 मध्ये वारला. त्याचं घराणं मुळात यहुदी होतं, म्हणून 1580 मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशननं त्याचे अवशेष उकरून जाळले. झाडांची सगळ्या भाषांतली नावं जपणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो मूळचा कोण, एवढंच शेवटी पाहिलं गेलं.

अवजारांचीही हीच गोष्ट. चौल, नागावच्या वाड्या रहाटाच्या पाण्यावर वाढल्या. 'रहाट' हा शब्द संस्कृत 'अरघट्ट'पासून आला. पण बैलानं फिरवायच्या दातेरी चाकांचा रहाट मध्ययुगात पश्चिमेकडून इथे आला असावा, असं इतिहासकार इरफान हबीब यांनी 1969 मध्ये मांडलं. बाबरानं लाहोर-दिपालपूरकडे असा रहाट पाहून त्याचं बारीक वर्णन करून ठेवलं आहे. म्हणजे गाडगी इथली आणि दाते तिकडचे असतील. पाण्याला त्यानं फरक पडला नाही. 'कलम' शब्दाचंही तसंच. अरबीत कलम म्हणजे बोरू. मराठीत आपण कलमानं लिहितो, कायद्याचं कलम लावतो आणि आंब्याचंही कलम बांधतो. तिरका छेद दिलेली काडी आणि तासलेला बोरू शेजारी ठेवून पाहा, एकच शब्द दोन्हीकडे का चालला ते कळेल. मी वर्गात उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. या एका शब्दावर माझा अख्खा तास जातो.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, इतिहास ठीक आहे, पण आत्ता झाड वाळतंय त्याचं काय? पेणच्या खारेपाटात मे अखेरीस विहिरी मचूळ होतात. तेच पाणी घालत राहिलं की मातीवर पांढरा थर येतो आणि पानांची टोकं करपतात. अशा वेळी रोज थोडंथोडं शिंपण्यापेक्षा बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं किंवा पेंढ्याचं जाड आच्छादन घालावं, म्हणजे ओल टिकते आणि मीठ वर कमी येतं. साठवलेलं गोडं पाणी थोडंच असेल तर कुंभाराकडचं साधं मातीचं मडकं आळ्यात गळ्यापर्यंत पुरावं, पाणी भरून वर झाकण ठेवावं. मडकं पाझरतं आणि मुळं हवं तेवढंच पाणी घेतात. ही युक्ती इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या चिनी शेतीग्रंथात सांगितलेली आहे. लिंबाच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे ठिपके दिसले तर त्या फुलपाखराच्या अळ्या असतात. हातानं वेचून काढल्या तर फवारणीची गरज पडत नाही.

परसाकडे शास्त्र म्हणून पाहणारी माणसंही आपल्याकडे झाली. रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून सर्वांना माहीत आहेत. त्यांनी 1917 मध्ये केंब्रिजला वनस्पतिशास्त्राचं पारितोषिक मिळवलं होतं आणि पुढे 'मेघदूता'चा मराठीत अनुवादही केला. गारगोटीला गणित शिकवणारे श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. पानावर पडणारं ऊन आणि घरातला ओला-सुका कचरा हीच खरी पुंजी, असं ते सांगत. त्यांच्या हिशेबात थोड्याशा जमिनीलाही किंमत होती.

ती थोडीशी जमीनच आता संपते आहे. घर नवं बांधलं की मागे पेव्हर ब्लॉक बसतात. गाडी उभी राहते, चिखल होत नाही, सासूबाईंना पाय घसरायची भीती राहत नाही. ही कारणं खोटी नाहीत आणि ती सांगणाऱ्यांना नावं ठेवायची माझी इच्छा नाही. पण त्या फरशीखाली भाजीपाला जातो, पाऊस जिरायची जागा जाते आणि शेजारणींमधली देवघेवही जाते. परसात कुंपणावरून बी, फांदी, कढीलिंब, मेंदीचा पाला इकडून तिकडे जातो. कुंपणाची भिंत झाली की दोन्ही घरांतल्या मुलांना समोरच्याची माहिती फक्त मोबाईलवरून मिळते. मग 'आपली' आणि 'बाहेरची' असे रकाने आखणं सोपं होतं.

मृगाला अजून थोडे दिवस आहेत. फरशी घालायचीच असेल तर कडेनं दोन हात रुंदीची पट्टी मोकळी सोडा. तिथे वेलाचा मांडव, एक लिंबू आणि मिरचीची चार रोपं सहज मावतात. एक वही करा. प्रत्येक झाडापुढे ते कुणाकडून आलं, कुठल्या साली आलं, घरी त्याला काय म्हणतात आणि शेजारी काय म्हणतात ते लिहा. नानी, दादी, आजी अजून सांगू शकतात तोवर त्यांना विचारा. भोपळ्याचं बी उरलं असेल तर भिंतीपलीकडे द्या आणि त्यांच्याकडचं पडवळाचं बी मागून घ्या.