बाजाराच्या नावाचे घराणे

भेंडीबाजार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? महंमद अली रोडची अलोट गर्दी, हातगाड्या, कापड, अत्तर आणि लोखंडी सामानाची दुकाने, चोरबाजारातील जुनी घड्याळे व ग्रामोफोन. रमजानच्या रात्री मिनारा मशिदीच्या आसपास कढईतले मालपुवे, फिरनीच्या मातीच्या वाट्या आणि नल्ली निहारीचा दरवळ. कोकणातून वा घाटावरून मुंबईस गेलेला आपला माणूस तेथे एक फेरी मारल्यावाचून सहसा परतत नाही. परंतु याच बाजाराच्या नावाने हिंदुस्थानी संगीतात एक थोर घराणे आहे, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

या नावाच्या दोन हकिकती सांगतात. येथे भेंडीची झाडे होती म्हणून भेंडीबाजार, ही एक. क्रॉफर्ड मार्केटच्या मागचा भाग म्हणून साहेब लोक ‘बिहाइंड द बझार’ म्हणत, त्याचा हा अपभ्रंश, ही दुसरी. ते मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, 1869 साली पुरे झाले. त्याहूनही जुनी जुम्मा मशीद जवळच आहे. ती 1802 साली पूर्ण झाली आणि तिच्याशी कोकणी मुसलमानांचा निकटचा संबंध आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तरेतील बिजनौरहून छज्जू खाँ, नझीर खाँ व खादिम हुसेन खाँ हे तीन भाऊ मुंबईस आले आणि या वस्तीत राहिले. ग्वाल्हेर, जयपूर, पतियाळा ही घराणी संस्थानांच्या नावांनी ओळखली जातात. या भावांच्या गायकीस मात्र नाव मिळाले ते एका बाजाराचे. कोणा महाराजाचा दरबार नव्हता. होती ती मेहनत आणि शिष्यांस शिकविण्याची तळमळ.

या घराण्याचा एक विशेष म्हणजे खंडमेरु अथवा मेरुखंड. विद्यार्थी मित्रांनो, यात गणितही आहे! सा, रे, ग हे तीन स्वर सहा निरनिराळ्या क्रमांनी मांडता येतात; चार स्वर चोवीस आणि सातही स्वर 5040 क्रमांनी! हे क्रम घोटून घोटून गळ्यात उतरवावयाचे आणि मग त्यांतून रागाला शोभतील तेवढेच निवडावयाचे. केवढा हा अभ्यास!

छज्जू खाँ यांचे चिरंजीव अमान अली खाँ यांनी दक्षिणेकडील संगीताचाही अभ्यास केला आणि हंसध्वनी हा तिकडचा राग उत्तरेत रुजविला. ‘अमर’ या नावाने त्यांनी अनेक बंदिशी रचल्या. 1953 साली ते वारले. त्यांच्याबरोबर ही विद्याही संपली असती काय? संपली नाही, कारण ती घरातच दडवून ठेवलेली नव्हती. नझीर खाँ यांनी गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर यांना मन लावून शिकविले होते. 1958 साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर यांनीही काही काळ त्यांच्याकडे धडे घेतले. लता मंगेशकर यांना तरुणपणी अमान अली खाँ यांची तालीम मिळाली. इंदूरच्या उस्ताद अमीर खाँ यांनी त्यांच्या गायकीतून बरेच काही घेतले. पुढे पंडित त्र्यंबकराव जानोरीकर यांनी हा वारसा जपला. देताना उस्तादांनी जात पाहिली नाही, धर्म पाहिला नाही, स्त्री-पुरुष भेदही पाहिला नाही.

बाजाराजवळच्या याच मुंबईत शिक्षणाचा दिवाही लागला. 1874 साली बद्रुद्दीन तय्यबजी, नाखुदा महंमद अली रोघे आदींनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली आणि 1880 साली तिची पहिली शाळा उघडली. व्यापारात मिळालेला पैसा शाळेकडे वळला, तेव्हाच समाजाचे पाऊल पुढे पडले.

आज भेंडीबाजार बदलत आहे. 2002 साली खुल्या झालेल्या उड्डाणपुलावरून मोटारी वस्तीला न शिवता निघून जातात. 2009 साली स्थापन झालेल्या सैफी बुऱ्हाणी ट्रस्टने साडेसोळा एकरांतील सुमारे 250 जुन्या इमारतींच्या जागी नवी वस्ती उभारण्याचे काम हाती घेतले. मोडकळीस आलेल्या चाळीतून कुटुंबे सुरक्षित घरात जावीत, यात आनंदच आहे. पण भिंती पडतात तेव्हा आठवणीही ढिगाऱ्यात जातात. कोण कोठे राहत होते, कोणाच्या माडीवर रियाज चाले, हे सांगणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत.

म्हणून पालकांना एक विनंती आहे. पुढल्या खेपेस मुलांना भेंडीबाजारात न्याल तेव्हा मालपुवा जरूर खिलवा, पण या तीन भावांची गोष्टही सांगा. घरातील वडीलधाऱ्यांपाशी जुन्या मुंबईच्या आठवणी असतील, तर त्या मुलांकडून वहीत उतरवून घ्या. पेटीत ठेवलेल्या दौलतीला वारस भांडतात. वाटलेल्या इल्मला मात्र नवे वारस मिळत जातात. भेंडीबाजारच्या उस्तादांनी ती वाटली, म्हणूनच आज त्यांचे नाव उरले आहे.