पट्टा आणि किल्ली : कुत्रे फिरवण्याच्या व सांभाळण्याच्या व्यवसायाचा इतिहास

पैसे घेऊन दुसऱ्याचा कुत्रा फिरवणे हे काम जुने आहे. स्वतंत्र व्यवसाय म्हणून मात्र ते साठ-पासष्ट वर्षांपलीकडे फारसे जात नाही. त्याआधी ते घरच्या नोकराकडे असे. हिंदुस्थानातील साहेबांच्या बंगल्यांवर तर कुत्र्यांसाठी वेगळा माणूस असे, त्याला ‘डोरिया’ म्हणत. पुढे शहरांत घरे आटोपशीर झाली, नोकर गेले, कुत्रा मात्र राहिला.

ही गरज न्यूयॉर्कमध्ये जिम बक यांनी ओळखली. मॅनहॅटनमधील सुखवस्तू घरात वाढलेल्या बक यांनी १९६०च्या सुमारास शेजारपाजारचे कुत्रे फिरवायला घेतले आणि थोड्याच काळात विक्रेत्याची नोकरी सोडली. ‘जिम बक्स स्कूल फॉर डॉग्ज’ भरात असताना त्यांच्या हाताखाली दोनेक डझन माणसे होती आणि रोज दीडशेच्या आसपास कुत्रे फिरायला निघत. कुत्रा एकेकटा न्यायचा तर निम्मा वेळ लिफ्टमध्येच जातो. पाच-सहा पट्टे एका हातात आले तरच हिशेब जुळतो. त्यासाठी कुणाचे कुणाशी जमते, कोण रस्त्यात अडून बसतो, हे आधी हेरावे लागते. शिवाय मालक कामावर गेलेला असल्याने घराची किल्ली फिरवणाऱ्याकडे येते. या धंद्याचे खरे भांडवल हा विश्वासच. १९७८मध्ये रस्त्यावरची घाण उचलण्याची सक्ती झाली आणि फिरवणाऱ्याच्या खिशात पिशवीही आली.

कुत्रा मुक्कामाला ठेवून घेण्याचा इतिहास वेगळ्या वाटेने जातो, आणि इंग्लंडमध्ये ती वाट कायद्याने आखली. रेबीज बाहेर ठेवण्यासाठी ब्रिटनने विसाव्या शतकाच्या आरंभापासून परदेशातून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्यावर सहा महिन्यांचे विलगीकरण लादले. खर्च मालकाचा. त्यामुळे कुत्र्यांचे काही निवारे कित्येक पिढ्या चालले. २०००मध्ये लसीकरण केलेल्या जनावरांना ठरावीक देशांतून थेट प्रवेश मिळू लागला आणि हे हक्काचे गिऱ्हाईक आटले.

सुट्टीपुरत्या मुक्कामासाठी १९६३चा कायदा होता. त्याने स्थानिक प्रशासनाचा परवाना सक्तीचा केला. राहत्या घरात चालणारा धंदाही त्यात स्पष्टपणे धरला होता. ही दूरदृष्टीच म्हणायची, कारण घरगुती मुक्कामाला तेजी आली ती पुष्कळ नंतर. जाळीच्या खोलीपेक्षा कुणाच्या सोफ्याजवळ आपला कुत्रा सुखात राहील असे मालकांना वाटू लागले होते. अनोळखी माणसावर भरवसा कसा ठेवायचा, एवढाच प्रश्न होता. सिॲटलमध्ये २०११मध्ये सुरू झालेल्या ‘रोव्हर’सारख्या कंपन्यांनी इतर गिऱ्हाइकांचे अभिप्राय पुढे ठेवून तो बऱ्यापैकी सोडवला.

इंग्लंडमध्ये २०१८पासून नवे नियम आहेत. परवान्यासोबत एक ते पाच तारे मिळतात. घरगुती मुक्कामात वेगवेगळ्या घरचे कुत्रे एकत्र ठेवायचे तर मालकांची लेखी संमती हवी आणि गरज पडल्यास प्रत्येकाला वेगळे ठेवता येईल अशी खोली हवी. छोट्या घरात धंदा सुरू करणाऱ्याचे गणित इथेच अडते. नुसते फिरवण्यासाठी मात्र या नियमांत परवाना लागत नाही. एका माणसाने किती कुत्रे न्यावेत, याची मर्यादा काही ठिकाणी स्थानिक प्रशासन घालते.