जुनाट अर्धशिशी आणि ब्रेन फॉग

जुनाट अर्धशिशी, म्हणजेच क्रॉनिक मायग्रेन, हा चेतासंस्थेचा विकार आहे. महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस डोके दुखत असेल, त्यांपैकी निदान ८ दिवस ते दुखणे अर्धशिशीच्या वळणाचे असेल आणि असे ३ महिन्यांहून जास्त काळ चालले असेल, तर आंतरराष्ट्रीय वर्गीकरण अर्धशिशीला ‘जुनाट’ ठरवते. लोकसंख्येत असे रुग्ण १ ते २ टक्के असतात. अधूनमधून अर्धशिशी उठणाऱ्यांपैकी दरवर्षी साधारण ३ टक्के लोक या गटात येऊन पडतात. साध्या अर्धशिशीचा पसारा याहून कितीतरी मोठा आहे. कर्नाटकात झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वर्षभरात अर्धशिशी झालेल्यांचे प्रमाण २५.२ टक्के निघाले. पुरुषांच्या मानाने स्त्रियांमध्ये हा विकार दुपटी-तिपटीने आढळतो.

अर्ध्या डोक्यातला ठणका, मळमळ, उजेड आणि आवाज नकोसा होणे ही लक्षणे घरोघरी माहीत असतात. ब्रेन फॉगची, म्हणजे लक्ष आणि विचार धूसर होण्याची, ओळख मात्र रुग्णालाही उशिरा पटते. शब्द ओठांवर येऊन अडतो, एकच परिच्छेद तिसऱ्यांदा वाचावा लागतो, गॅसवर ठेवलेले दूध उतू जाते, सोपी बेरीज चुकते. घरचे याला वेंधळेपणा म्हणतात, कचेरीत कामचुकारपणा ठरतो. दोन्ही आरोप अन्यायाचे आहेत, कारण उलटीइतकेच हेही आजाराचे लक्षण आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९७ रुग्णांना इलेक्ट्रॉनिक टिपणवही दिली होती. डोके दुखू लागण्याआधी लक्ष लागत नाही, अशी नोंद त्यांतल्या जवळपास निम्म्यांनी केली. पूर्वलक्षणांवरून येऊ घातलेला झटका ओळखण्याचा त्यांचा अंदाज ७२ टक्के वेळा खरा ठरला. ठणका ओसरल्यावरही एखादा दिवस डोके जड आणि सुन्न राहते. दुखण्याचे १५ दिवस आणि त्यांच्या मागचेपुढचे असे दिवस वजा केले, की महिन्यात डोके स्वच्छ असण्याचे दिवस फार थोडे उरतात.

१३ फेब्रुवारी २०११ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ग्रॅमी पुरस्कारांचे थेट वार्तांकन करताना सेरीन ब्रॅन्सन या वार्ताहराच्या तोंडून अचानक निरर्थक शब्द बाहेर पडू लागले. पाहणाऱ्यांना वाटले, पक्षाघात झाला. तपासणीअंती निदान निघाले ते ऑरासह अर्धशिशीचे. ऑरा म्हणजे डोकेदुखीच्या आधी किंवा सोबत येणारे दृष्टीचे, स्पर्शाचे किंवा वाचेचे तात्पुरते बिघाड. त्यामागची यंत्रणा बरीचशी उलगडली आहे. कार्ल लॅशली या मानसशास्त्रज्ञाने १९४१ साली स्वतःच्या डोळ्यांपुढे पसरणाऱ्या नागमोडी आकृतीची चित्रे काढून हिशेब केला, की मेंदूत काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने सरकत असावे. १९४४ साली ब्राझीलचे अरिस्तिदेस लेआंव यांना सशांच्या मेंदूत जवळजवळ त्याच वेगाची, विद्युत-क्रिया मंदावत नेणारी लाट सापडली. रोजच्या ब्रेन फॉगला असे एकच नेटके कारण नाही. झटका, मोडलेली झोप, चिंता, नैराश्य आणि औषधे या साऱ्यांचा त्यात वाटा असतो.

यातून पुढे कायमचे विस्मरण जडेल, ही भीती मात्र बहुतांशी निराधार आहे. एमआरआयमध्ये पांढरे ठिपके दिसले की रुग्ण हबकतो. पण फ्रान्समधील नांत शहरात झालेल्या ‘ईव्हीए’ अभ्यासाने २०११ साली दाखवले, की अर्धशिशी असलेल्या वृद्धांची आकलनशक्ती इतरांहून कमी नव्हती.

उपचारांत सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे गोळ्यांची मोजदाद. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान, अर्गोटामिन, ओपिऑइड किंवा मिश्र वेदनाशामके १० किंवा अधिक दिवस, असे ३ महिन्यांहून जास्त काळ चालले, तर गोळीच डोकेदुखी वाढवू लागते. मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय पाकिटे आणणाऱ्यांची गाडी इथेच रुतते. म्हणून दुखण्याचे दिवस आणि गोळीचे दिवस कॅलेंडरवर वेगवेगळ्या खुणांनी टिपणे महागड्या तपासण्यांपेक्षा पुष्कळदा अधिक उपयोगी पडते.

झटके कमी करण्यासाठी रोज घ्यायची औषधे वेगळी. प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या रुग्णाला चालत नाही. अ‍ॅमिट्रिप्टिलीन आणि भारतात सर्रास दिले जाणारे फ्लूनारिझीन यांनी झापड येते, वजन वाढते. टोपिरामेटचा गुण चांगला येतो, पण नेमका शब्द न आठवणे हा त्याचा प्रसिद्ध दुष्परिणाम आहे. ब्रेन फॉगची तक्रार घेऊन आलेल्याच्या गोळ्यांची यादी आधी पाहावी, ती याचसाठी. गोळी मात्र मनाने बंद करू नये.

बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने अमेरिकेत २०१० पासून अर्धशिशीच्या केवळ जुनाट प्रकारासाठी मान्य आहेत: डोके, मान व खांद्यांवर ३१ जागी मिळून १५५ युनिटे, दर १२ आठवड्यांनी. खरी उडी मात्र सीजीआरपी या प्रथिनकणावरच्या संशोधनाने मारली. त्यासाठी एडविन्सन, गोड्सबी, मॉस्कोविट्झ आणि ओलेसन यांना २०२१ चे ब्रेन प्राइझ मिळाले. त्यातून आलेले एरेन्युमॅब हे औषध २०१८ साली अमेरिकेत मंजूर झाले. २०२४ मध्ये अमेरिकन हेडेक सोसायटीने अशा औषधांना पहिल्या फळीत जागा दिली. भारतीय खिशाला ती अजून जडच जातात.

औषधांइतकीच दिनचर्या महत्त्वाची: ठरलेली झोप, वेळेवर जेवण, नियमित व्यायाम. कडक उपवास अनेकांना बाधतो. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ के. रविशंकर यांनी २००६ साली ९४ भारतीय रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांना न्हाण्यामुळे झटका येई. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांना हे कारण ठाऊक नव्हते, आपल्याकडच्या बायकांना पूर्वीपासून ठाऊक होते.

हा आजार कायमचाच असतो असे नाही. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत २ वर्षांत सुमारे २६ टक्के रुग्ण जुनाट गटातून बाहेर पडले. पण वाचा पहिल्यांदाच अडखळली, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, ताप येऊन मान ताठली किंवा क्षणार्धात आयुष्यातली सर्वांत तीव्र डोकेदुखी उसळली, तर ती अर्धशिशीच आहे असे गृहीत न धरता ताबडतोब रुग्णालय गाठावे.