नदी कुठून कापायची?

पावसाळ्यात सहस्रकुंडला उभं राहिलं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पैनगंगेच्या एका काठाला यवतमाळचा उमरखेड तालुका, दुसऱ्याला नांदेड. मोबाइलच्या फोटोत फक्त धबधबा येतो. पण त्यातला प्रत्येक भोवरा काही तिथेच जन्मलेला नसतो. काही वरच्या खडकांवर, वळणांवर तयार होऊन वाहत आलेले असतात.

आता हा धबधबा संगणकात उतरवायचा आहे असं समजा. अख्खी पैनगंगा घेणं परवडणार नाही, म्हणजे वर कुठेतरी नदी कापावी लागणार. त्या तोंडातून पाणी आत सोडायचं कसं? नुसता सरासरी वेग देऊन भागत नाही.

हे दुखणं संगणकाहून जुनं आहे. 1883 साली मँचेस्टरमध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने काचेच्या नळीत रंगाची रेघ सोडली. नळीत शिरतानाच पाणी जितकं शांत, तितक्या जास्त वेगापर्यंत रेघ सरळ टिकली. आपल्याकडे मुंबई इलाख्याने 1916 साली सुरू केलेली संशोधन शाखा पुढे खडकवासल्याला स्थिरावली. क्लॉड इंग्लिस तिथे नद्यांच्या छोट्या प्रतिकृती बांधून प्रयोग करत. सिंधूवरच्या सक्कर बराजच्या उजव्या कालव्यांत वाळू शिरू लागली, तेव्हा प्रश्न हाच होता: पाणी दारापर्यंत येतं कसं, सरळ की वळून?

संगणकवाल्यांनी आधी सोपा मार्ग धरून पाहिला: सरासरी वेगात यादृच्छिक आकडे मिसळायचे. पण शेजारच्या आकड्यांचा एकमेकांशी संबंधच नसेल, तर असा खळाळ आत शिरताच विरतो. 1992 साली सांगसान ली, संजीव लेले (हो, आडनाव ओळखीचंच) आणि परविझ मोइन यांनी लहानमोठ्या भोवऱ्यांत ऊर्जा कशी वाटली जाते ते ठरवून असे आकडे बनवले. ऊर्जा जुळली, भोवऱ्यांचा आकार नाही. 1997 साली पायरीवरून पडणाऱ्या प्रवाहाचं गणित करताना, ते पाणी भानावर यावं म्हणून पायरीच्या आधी तिच्या उंचीच्या दहापट लांबीची वाट ठेवावी लागली.

1998 साली लुंड, वू आणि स्क्वायर्स यांनी रहाटगाडगंच केलं. पुढचा प्रवाह उचलायचा, मापात बसवायचा आणि पुन्हा तोंडाशी ओतायचा. मला ही सगळ्यात देखणी युक्ती वाटते, पण तिच्यात एक खोट आहे: त्याच त्या लाटा ठरावीक वेळाने फिरून येऊ शकतात. 2006 साली जारिन आणि सहकाऱ्यांनी थेट कृत्रिम भोवरेच तोंडाशी सोडले, तेही रेनॉल्ड्सच्याच मँचेस्टरमध्ये.

सहस्रकुंडला रहाटगाडगं चालत नाही. ते सपाट पृष्ठभागासाठी आहे, इथे तर पावलोपावली खडक. कृत्रिम भोवरे चालतील, पण त्यांना कापलेल्या जागेची खरी मोजमापं हवीत. इसापूर धरणाचे दरवाजे उघडले असताना यंत्र घेऊन पैनगंगेत उतरणार कोण?